सांगून जायचं ठरलं होतं

तात्या,

आज सकाळी मी शेंगदाणे भाजायला घेतले. भाजणारी मीच, आणि वास सुटल्यावर दचकून दाराकडं बघितलं तेही मीच. साठीकडं झुकले, गुडघे कुरकुरतात, नात सांभाळते, आणि शेंगदाण्याच्या वासाला अजून घाबरते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. तुम्हाला सांगायला हरकत नाही. तो वास तुमच्यामुळंच माझ्या मागं लागलाय.

तुम्ही फौजेत होता. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, काळी ट्रंक आणि बिस्तरा घेऊन. आल्यावर पहिले चार दिवस मी तुमच्याजवळ फिरकायची नाही. आईच्या पदराआडून बघायची. गल्लीतल्या बायका मुद्दाम विचारायच्या, ‘‘कोण आलंय गं तुमच्यात?’’ आणि मी सांगायची, ‘‘पाव्हणं.’’ बायका पोट धरून हसायच्या. तुम्हीही हसायचा, पण जरा उशिरानं. मग हळूहळू मी जवळ यायची, तुमच्या खांद्यावर बसून रानात जायची, तुमच्या ताटात जेवायची, आणि तुमच्याशिवाय झोपेनाशी व्हायची. अगदी तेव्हाच एक दिवस घरात शेंगदाणे भाजल्याचा वास यायचा. तुमच्या वाटेतल्या चटणीचे. मग उखळाचा आवाज, मग चुलीवर धपाटे. आणि आई पदराला हात पुसत म्हणायची, ‘‘पळ, दुकानातनं काड्यापेटी आन बघू.’’

आमच्या सातारच्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं जायची रीतसुद्धा ठरलेली. पोर रडायला लागलं की जाणाऱ्याचा पाय निघत नाही, शिवाय वाटंला लागताना रडणं बरं नव्हं, म्हणून पोराला कळूच द्यायचं नाही. कुणी झोपेतल्या पोराचा मुका घेऊन निघायचं, कुणी मामाकडं धाडून द्यायचं. आमच्या घरात काड्यापेटी. दुकानदारही सामील असायचा. ‘‘थांब गं बाय, पेटी वरच्या फळीवर हाय,’’ म्हणायचा आणि निवांत दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गूळ तोडून द्यायचा. वर मला एक लिमलेटची गोळी फुकट. मी परत येईपर्यंत घर रिकामं. मी धावत आत जाऊन भिंतीतल्या देवळीत बघायची. तिथं तुमचा दाढीचा डबा असायचा, जर्मनचा म्हणजे अल्युमिनियमचा, झाकणाला पोचा आलेला. तो असला की तुम्ही घरात, नसला की गेलात. जायच्या दिवशी सकाळी दाढी करून तो सगळ्यात शेवटी ट्रंकेत जायचा, हे मी बारकाईनं बघून ठेवलं होतं. देवळी रिकामी, आई चुलीपुढं पाठ करून बसलेली, आणि माझ्या हातात काड्यापेटी. घरातल्या फळीवर आधीच्या दोन असायच्याच.

खरं सांगू का, राग मला तुमचा आला नाही. पाव्हणा आला, पाव्हणा गेला. राग आला आईचा. घरात राहणारी, रोज वेणी घालणारी ती, आणि तीच खोटं बोलली. त्यानंतर माझं आणि तिचं बिनसलंच. तिनं काही आणायला सांगितलं की मी दाराची चौकट धरून बसायची. ‘‘औशध ग्वाड हाय’’ म्हटलं की तोंड मिटायची. ‘‘शाळंत जा, मी हितंच हाय’’ म्हटलं की शाळेच्या अर्ध्या वाटेतून परत यायची, ती आहे का बघायला. आई बिचारी वैतागायची. तुम्हाला पत्र लिहिताना, म्हणजे मास्तरांकडून लिहून घेताना, सांगायची, ‘‘लिव्हा, पोरगी लय हेकट झालीया.’’ हेकट नव्हते तात्या. माझा विश्वास उडाला होता, आणि तेवढ्या लहान पोराला तो शब्द येत नसतो, म्हणून पोर हेकटपणा करतं.

मग ती सुट्टी आली, ज्यात मी डबा लपवला. पहिलीत होते बहुतेक. शेंगदाण्याचा वास आला, आणि मी उठून देवळीतला डबा उचलून घरामागच्या परड्यातल्या शेणींच्या ढिगात खुपसला. माझा हिशेब सरळ होता. फौजेतला माणूस दाढी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगायचा. मग डबाच नाही तर दाढी नाही, दाढी नाही तर जाणं नाही. तुम्ही देवळी चाचपली, ट्रंक उघडून बघितली, आईला विचारलं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘हिचंच काम. कुठं ठिवलास सांग, न्हाईतर पाठीचं सालटं काढीन.’’ आई लाकूड घेऊन उठली, तेव्हा तुम्ही तिला नुसतं ‘‘बस’’ म्हणालात आणि मला परड्यात घेऊन गेलात. दगडावर बसलात. मला वाटलं आता मार.

तुम्ही म्हणालात, ‘‘डबा न्हाई म्हून मी राहीन, आसं वाटतंय तुला?’’

मी हो म्हणून मान हलवली.

‘‘न्हाई राहनार. तशीच दाढी वाढवून जाईन, तिथं सायबाच्या शिव्या खाईन, पर जाईन. नोकरी हाय ती.’’

मी रडायला लागले. तुम्ही रडू दिलंत. ‘‘गप, गप’’ असं म्हणाला नाहीत, हे मला नीट आठवतंय, कारण आमच्या घरात पोर रडलं की सगळे तेवढंच म्हणायचे. मग तुम्ही विचारलंत, ‘‘तुला काय नको? मी जायला नको, का न सांगता जायला नको?’’ मला तो प्रश्न कळलाच नव्हता. मी म्हणाले, ‘‘काड्यापेटी नको.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘बरं. काड्यापेटी बंद. आजपास्नं आसं करायचं. आल्या दिवशीच सांगीन, कवा जानार ते. आन् जाताना डबा ट्रंकंत तू ठिवायचा. तू ठिवल्याबिगर ट्रंकंला कुलूप न्हाई. ठरलं?’’ मी शेणींतून डबा काढून दिला. त्याला शेणाचा वास मारत होता. तुम्ही तो राखेनं घासलात, परड्यातच दाढी केलीत, आणि डबा माझ्या हातात दिलात.

घरात नंतर तुमचं आणि आईचं वाजलं. आल्या दिवशी जायची गोष्ट काढायची, हे कुठलं शास्त्र, असं तिचं म्हणणं. ‘‘पोर रडंल, तुमी निघून जाशीला, निस्तरायचं मला,’’ असंही ती म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. डबा ठेवून झाल्यावर मी त्या दिवशी इतकी रडले की दुपारी तापच आला. तुम्ही एस.टी.त बसला होता. कपाळावर पाण्याच्या घड्या आईनं ठेवल्या. रीत मोडायचं श्रेय तुम्हाला देताना त्या घड्या मी विसरत नाही.

पण पुढच्या सुट्टीत आईनं दुकानात धाडलं तर मी गेले. गूळ आणला, बिनघोर. येताना गोट्या खेळणाऱ्या पोरांपाशी थांबलेसुद्धा. आईनं दारातून बघितलं, आणि त्या रात्री तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला.

शाळेतली ती गोष्ट तुम्हाला आठवत असेल का कुणास ठाऊक. मला ती कालच्यासारखी आहे. सुट्टी अर्ध्यावर आलेली, आणि तार आली, ताबडतोब हजर व्हा. मी शाळेत. एस.टी. फाट्यावर, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. आई म्हणाली असणार, जावा तुमी, मी सांगते तिला. आम्ही वर्गात पाढे म्हणतोय, आणि दारात तुम्ही उभे, गणवेशात. मागं सायकलवर ट्रंक बांधलेली. गुरुजी चष्म्यावरून बघतायत. तुम्ही म्हणता, ‘‘दोन मिंटं पोरीला सोडा, गुरुजी.’’ ट्रंक शाळेच्या पायरीवर उतरवता, उघडता. सगळी पोरं दाराशी गोळा झालेली. आत घडी घातलेले कपडे, वर चटणीचा डबा फडक्यात बांधलेला, आणि कोपऱ्यात रिकामी जागा ठेवलेली. तुम्ही खिशातून दाढीचा डबा काढून माझ्या हातात देता.

मी तो ठेवत नाही. छातीशी धरून उभी राहते. ‘तू ठेवल्याबिगर कुलूप नाही,’ असं ठरलंय. मग नाही ठेवला तर? पोरं कुजबुजतात. गुरुजी म्हणतात, ‘‘आवं, घ्या की तिच्या हातातनं. गाडी चुकंल तुमची.’’ तुम्ही म्हणता, ‘‘तसं न्हाई चालत गुरुजी. आमचं ठरलंय.’’ आणि खाली बसता, माझ्या उंचीला. ‘‘मी थांबतो. गाडी न्हाई थांबनार, पर मी थांबतो.’’

मी ठेवला डबा. हात कसा पुढं गेला सांगता येणार नाही. तुम्ही ओढून घ्यायला गेला असता तर मी तो तुमच्या ट्रंकेवर आपटला असता, आणि बहुतेक पुढं आयुष्यभर कुणालाच काही हातात दिलं नसतं. एस.टी. चुकलीच. तुम्ही उसाच्या ट्रकमध्ये बसून कऱ्हाडला गेलात, हे मला नंतर कळलं. मी वर्गात जाऊन बसले, रडत रडत पाढे म्हटले, आणि गुरुजींनी त्या दिवशी मला काही विचारलं नाही.

पुढं मी बालवाडीची बाई झाले, ते काही ठरवून नाही. लग्न होऊन कऱ्हाडजवळच्या मलकापूरला आले, इथं बालवाडीत जागा होती, धरली. पण तात्या, पहिल्या आठवड्यात दारात जे चालतं ना, ते बघून मला तुमचा डबाच आठवायचा. आया पोराला म्हणायच्या, ‘‘ते बघ माऊ,’’ आणि पोर माऊ बघतंय तोवर पसार. मी ते बंद केलं. फाटकात उभी राहायची आणि आयांना सांगायची, सांगून जायचं, तोंडावर सांगायचं, पोर रडलं तर रडू दे, मी आहे. बाया माझ्यावर चिडायच्या. एक तर म्हणाली, ‘‘बाई, तुमाला काळीज हाय का न्हाई?’’ मी म्हटलं, आहे, म्हणूनच. सगळं मिळून मी खडूस बाई म्हणून नाव कमावलं, आणि ते मला चालतं.

आता मधलं सांगते, कारण ते टाळून पुढं जाता येत नाही. तुमच्या शेवटच्या आजारात कऱ्हाडच्या दवाखान्यात मी तुमच्याजवळ होते. धाप लागत होती, पण बोलत होता. डबा उशाशी होता, कारण दाढी वाढलेली तुम्हाला खपत नव्हती, आणि मीच करून देत होते. दुपारी तुम्ही म्हणालात, ‘‘जा, च्या पिऊन ये. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस.’’ मी म्हटलं, नको. तुम्ही म्हणालात, ‘‘जा म्हनतो न्हवं.’’ मी गेले. टपरीवाल्याचं दूध संपलं होतं, त्यानं पोराला आणायला पाठवलं, मी थांबले. परत आले तर पलंगाभोवती पडदा ओढलेला.

माणसं मला सांगत होती, सुटले तात्या, त्रास नाही झाला. मी रडत होते ते त्यांना दु:ख वाटत होतं. मी चिडले होते. इतकी चिडले होते की तुमच्या दिवसांच्या कामात मला कुणाशी धड बोलता आलं नाही. तुम्ही मला चहाला धाडलं. सगळ्या जगात एकट्या तुम्ही काड्यापेटी बंद केली होती, आणि शेवटी तुम्हीच ती काढली. डबा माझ्या हातात होता, घरी घेऊन आले, आणि तो कुठल्या ट्रंकेत ठेवायचा होता हे सांगायला तुम्ही नव्हता. इतकी वर्षं हे मी तुम्हाला विचारायचं ठेवलंय. जाणूनबुजून धाडलंत का?

आता आजचं. माझी लेक, तुमची नात, तीही गणवेशातच आहे. तुम्ही असता तर गावभर सांगत फिरला असता. पार ईशान्येला कुठं तरी ड्यूटी. जावई सांगलीचे, तेही त्याच नोकरीत, देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची चार वर्षांची पोर माझ्याकडं. लेक सुट्टीवर आली होती, आज जायची होती. म्हणून शेंगदाणे. मी चटणी कुटत होते, मिक्सर असताना उखळात, कारण तिला तशीच लागते. ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, ‘‘आई, हिला जरा दुकानात घेऊन जा ना. आइस्क्रीम वगैरे घे. तेवढ्यात मी रिक्षा बोलवून निघते.’’

माझा हात थांबला. मी म्हटलं, ‘‘नाही नेणार.’’

‘‘आई, प्लीज. बालवाडीतलं इथं नको.’’

‘‘तू सांग तिला, आणि मग जा.’’

‘‘रडेल ती.’’

‘‘रडू दे. मी आहे.’’

‘‘तुला काय जातंय म्हणायला?’’ ती एकदम चढ्या आवाजात बोलली, आणि मग खाली बसली, ओट्याला पाठ लावून. ‘‘तिच्यासाठी नाही गं म्हणत मी. माझ्यासाठी म्हणते. तिचा रडका चेहरा घेऊन मला चार दिवसांचा प्रवास करायचाय. मला नाही जमत ते. तुला वाटतं मी तिला फसवतेय. मी पळून जातेय, एवढंच.’’

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. बसता येत नाही आता, पण बसले. तात्या, मला तुमचा चहा आठवला. इतकी वर्षं मी धरून चालले होते की काड्यापेटी पोरासाठी असते. पोरानं रडू नये म्हणून. ती जाणाऱ्यासाठी असते, हे माझ्या लेकीनं मला आज सांगितलं. परड्यातल्या दगडावर, शाळेच्या पायरीवर, दरवेळी तुम्ही माझा रडका चेहरा समोर घेऊन बसला होता आणि मग तोच घेऊन रेल्वेत बसला होता. दर वर्षी. मी तुमच्याकडून ते वसूल केलं आणि तुम्ही कधी कुरकुरला नाहीत. शेवटच्या खेपेला एकदा तुम्हाला ते जमलं नसेल, तर नसेल.

लेकीला मी तुमच्या डब्याची गोष्ट सांगितली. तिला अर्धीमुर्धी ठाऊक होती, शाळेच्या पायरीची नव्हती. ऐकून ती म्हणाली, ‘‘माझं शेवटचं काय जातं बॅगेत? चार्जर.’’ आणि हसली, डोळे पुसत. तिनं पोरीला बोलावलं, मांडीवर घेतलं, आणि सांगितलं, मम्मी आता जाणार, दिवाळीच्या आधी येणार, आणि हा चार्जर तू बॅगेत ठेवायचा. पोरीनं चार्जर हातात घेतला. मी श्वास धरून बघत होते, छातीशी धरते की काय. नाही धरला. वायर गुंडाळली, बॅगेत ठेवली, चेन ओढली, आणि मग असं भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं. लेक रिक्षात बसली, वळून बघितलं, हात केला. पळून गेली नाही. लेकीचा चेहरा मी बघितला. पोरीचा रडका चेहरा तिला पेलायचा आहे, मला नाही.

पोर दुपारपर्यंत रडली. ताप मात्र आला नाही. पाण्याच्या घड्या ठेवायची मी तयारी केली होती. मग धपाटा खाल्ला, अंगणात मांजराच्या मागं पळाली, परत येऊन मांडीत बसली आणि म्हणाली, ‘‘आजी, तू कधी जाणार?’’

‘‘मी कुठं जाते? मी इथंच.’’

‘‘पण जाशील तेव्हा सांगून जाशील ना?’’

मी ‘हो’ म्हणाले. बालवाडीत इतक्या आयांना सुनावलेली मी, एका क्षणात ‘हो’ म्हणून मोकळी झाले. ती निवांत झोपली त्या शब्दावर. आणि मी तिच्याशेजारी बसून विचार करतेय की तो शब्द मी कुठून आणणार. तुम्हीही दगडावर बसून मला असाच शब्द दिला होता, आणि जितका तुमच्या हातात होता तितका पाळलात, एस.टी. चुकवून पाळलात. तो पुढं कुठं तुमच्या हातातून सुटला, हे तुम्हाला तरी कळलं असेल का?

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्न नाही. तुमचा फौजेतला पत्ता म्हणजे तेव्हाही नुसते आकडेच असायचे, गाव कधी नसायचंच. घडी घालून ते तुमच्या डब्यात ठेवते, ब्रशच्या खाली. तुम्हाला विचारायचं म्हणून बसले होते, जाणूनबुजून धाडलंत का. ते आता विचारत नाही. उलट एक सांगते. टपरीवर दूध येईपर्यंत मी थांबले, तेव्हा मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. परत येता आलं असतं. परत गेल्यावर काय बघावं लागेल ते मला तिथंच आतून कळलं होतं, तात्या, आणि मी चहा पूर्ण प्याले.